अंगावर आणि पुढे तीन टिंबं

"घाईतला माणूस पहिलाच शब्द वाचतो, बाई. तो पहिला शब्द धड ठेव."

थोरल्या सिस्टरांनी मला हे सांगितलं त्याला दहा महिने झाले. आमच्या ऑफिसातल्या लांब टेबलाशी त्या बसल्या होत्या, बिस्किट चहात बुडवत. आणि मी हसले होते. चांगली खळखळून हसले होते.

आमची कंपनी अकरा माणसांची. डॉक्टर औषध लिहितात तेव्हा त्यांच्या खांद्यावरून बघणारा एक प्रोग्रॅम आम्ही बनवत होतो. डॉक्टरांनी औषधाचं नाव टाकलं की तो पेशंटची माहिती चाळतो. वय, वजन, आधीची औषधं, कशाची ॲलर्जी. काही खटकलं तर पडद्यावर लाल चौकट उघडते: थांबा, हे औषध या माणसाला चालणार नाही. औषधांची माहिती डॉक्टरांच्या समितीनं दिलेली, आकडेमोड इंजिनियरांची, आणि मराठी माझी. नोंदणीच्या काउंटरवर पेशंटला विचारायचे बत्तीस प्रश्न मी लिहिले. त्यातला सव्विसावा पंधरा ते पन्नास वयाच्या बायकांपुरता होता: 'अंगावर दूध पाजता का?'

थोरल्या सिस्टरांनी तीस वर्षं वॉर्डात काढलेली. प्रश्न तपासायला आम्ही त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सव्विसाव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"यात 'दूध' आधी घाल."

"सिस्टर, नुसतं 'दूध पाजता का' विचारलं तर बाटलीनं पाजणारीही हो म्हणेल. 'अंगावर' म्हटलं की शंकाच नको."

"'अंगावर' म्हटलं की चार शंका. अंगावर जातं, अंगावर येतं, अंगावर काढतात, अंगावर पाजतात. आणि आमच्या काउंटरवरचा पडदा तुझ्या या पडद्यासारखा दाराएवढा नसतो. पाटीएवढा असतो. तिथं शब्द कापले जातात."

"एका शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे, सिस्टर?"

"बरं बाई. तुझी कंपनी, तुझं मराठी. मी आपली सुया टोचणारी." त्यांनी दुसरं बिस्किट उचललं आणि सत्ताविसाव्यावर गेल्या.

तेव्हा माझ्या पोटात कुणी आहे हे फक्त मला आणि नवऱ्याला माहीत होतं.

ते जे कुणी होतं, ते सात आठवड्यांपूर्वी बाहेर आलं आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. खरं नाव आम्ही अजून शोधतोय. मी यादी करते, नवरा खोडतो. पण भोंगा हे नाव चिकटलं, कारण ते खरं होतं. ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरचे शिवणकामवाले काका मशिन थांबवून म्हणायचे, "झाली का शिफ्ट सुरू?" भूक लागली की भोंगा, ओलं झालं की भोंगा, आणि काहीच झालं नाही की, काहीच कसं झालं नाही म्हणून भोंगा.

मी मुळातच घाबरट. ती झोपली की नाकाखाली बोट धरून बघायचे. सासूबाई हसायच्या. "अगं, तिच्या बापाला मी पाटावर झोपवून धुणं धुवायची. तू म्हणजे जगावेगळी आई झालीस." मी त्यांनाच 'आई' म्हणते, त्यामुळे आमच्या घरात एक आई आणि एक जगावेगळी आई.

सोमवारी माझी अक्कलदाढ उठली. उठली म्हणजे शनिवारीच ठणकायला लागली होती, सोमवारी सकाळी गाल आंब्याएवढा झाला. नवरा म्हणाला, "उशिरा का होईना, अक्कल येतेय." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, बोलायला तोंड उघडत नव्हतं. भोंग्याला आईंकडे ठेवून मी चालत जाण्याच्या अंतरावरच्या दवाखान्यात गेले. तीन मजली, एकाच काउंटरवर सगळ्या डॉक्टरांची नोंदणी. आणि काउंटरवरच्या पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या प्रोग्रॅमचं ते छोटं निळं चिन्ह. खरं सांगते, दाढ ठणकत असूनही मला आतून बरं वाटलं. आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी शहाण्यासारखं वागताना दिसावं तसं.

काउंटरवाले गृहस्थ साठीचे, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. माझेच प्रश्न ते आपल्या पद्धतीनं तोडून तोडून विचारत होते.

"बीपी?"

"नाही."

"शुगर?"

"नाही."

"कशाची ॲलर्जी? चालू औषध?"

मी मान हलवली.

"अंगावर काढलंत का?"

"नाही हो. शनिवारपासूनच दुखतंय."

"शाब्बास. नाहीतर लोक महिना महिना काढतात." त्यांनी एक कळ दाबली. टक. शाब्बासकी मिळाली म्हणून मी सुजलेल्या गालातल्या गालात हसलेसुद्धा.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, हनुवटीवर तीळ, गालाला रुमाल.

"तुमची कुठली?" तिनं विचारलं.

"खालची डावी."

"माझी वरची उजवी. आपण दोघी जोडल्या तर एक धड चेहरा होईल."

हसताना दोघींनाही कळ आली. मग माझं लक्ष गेलं, तिचा ब्लाउज पुढून ओला झाला होता. मी काही न बोलता माझी ओढणी तिच्या खांद्यावर टाकली. करडी, पांढऱ्या ठिपक्यांची.

"दोन महिन्यांचा आहे घरी," ती ओशाळून म्हणाली. "शेजारणीकडे टाकून आलेय. रात्रंदिवस नुसती किरकिर. घरात मी आणि तो, तिसरं कुणी नाही."

"आमच्याकडे तर भोंगा आहे."

"एक दिवस हा मेला सलग झोपला ना, तर मी त्याचे पाय धुवून पाणी पिईन."

तिला आत बोलावलं. अर्ध्या तासानं ती तोंडात बोळा धरून बाहेर आली आणि ओढणीकडे बोट दाखवलं. मी हातानंच म्हटलं, राहू दे. ती जिना उतरली. तिच्या हातात औषधाचं पांढरं पाकीट होतं.

माझी दाढ काढायला वीस मिनिटं लागली. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि चटपटीत होत्या. दाढ बशीत टाकून त्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि मी खुर्चीत आडवी पडल्या पडल्या मान तिरकी करून पडद्याकडे बघू लागले. त्यांनी गोळ्यांचं नाव टाकलं. जरा जोरकस वेदनाशामक आहे हे मला नावावरून कळलं, आणि अंगावर पिणारं बाळ असेल तर या जातीच्या गोळ्यांना लाल चौकट येते, एवढंही अंधुक आठवलं. मी वाट बघितली. श्वास धरून बघितली म्हणा ना. पडदा पांढराच राहिला. खाली हिरवी रेघ आली आणि छपाईयंत्रातून चिठ्ठी बाहेर पडली.

मला सांगता आलं असतं. तोंडात बोळा होता, पण छातीकडे बोट दाखवता आलं असतं, डॉक्टरांच्या पॅडवर दोन शब्द लिहिता आले असते. मी तसं केलं नाही, आणि आळसानं केलं नाही असंही नाही. मी डोक्यात नीट हिशेब मांडला. सव्विसावा प्रश्न विचारल्याचं आठवत नव्हतं, पण त्याचं उत्तर भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही, ही अट मीच इंजिनियरांच्या मागे लागून घालून घेतली होती. पान उघडलंय, म्हणजे प्रश्न झाला असणार. दुखण्याच्या नादात मी हो म्हटलं असणार. आणि तरी चौकट आली नाही, म्हणजे आमच्या समितीनं यादी बदलली असेल, हे औषध आता चालत असेल. मी निश्चिंत मनानं घरी आले आणि पहिल्या दोन गोळ्या घेतल्या.

मंगळवारी भोंगा शांत होता.

सकाळी दूध पिऊन झोपली ती दुपारपर्यंत. आई म्हणाल्या, "बघ, दाढ तुझी काढली आणि अक्कल हिला आली." शिवणकामवाले काका वर येऊन विचारून गेले, "आज सुट्टी का?" मलाही झोप मिळाली. गोळ्यांनी डोकं जड झालं होतं. सात आठवड्यांत पहिल्यांदा मी सलग तीन तास झोपले आणि उठल्यावर नाकाखाली बोट धरायला विसरले. ते मी कधीही विसरत नसे.

बुधवारी सकाळी सहाला ती चार घोट प्यायली आणि तोंडातून दूध गालावर ओघळलं. आठला उठवलं, उठली नाही. साडेनवाला ओलं फडकं तोंडावरून फिरवलं. तिनं डोळे किलकिले केले, माझ्यातून आरपार कुठंतरी बघितलं आणि परत मिटले. माझी छाती दगडासारखी झाली होती, दुधाच्या धारा आपोआप लागल्या होत्या. मी तिचे ओठ त्या धारेखाली धरले. ओठ हललेच नाहीत.

"आई, जरा इकडे या."

"असू दे गं, गुणी बाळ आहे. झोपलेलं मूल उठवू नये."

"आई, या ना."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्या ओले हात पदराला पुसत आल्या. भोंग्याचा हात त्यांनी वर उचलला आणि सोडला. हात पडला. रुमाल पडतो तसा. मग त्यांनी तिचे तळपाय हातात धरले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"पाय गार लागतायत."

मी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि तिच्या पोटावर नजर रोवली. पोट वर. खाली. मग काहीच नाही. काहीच नाही. वर. एवढ्या लहान बाळाचा श्वास मिनिटाला तीसच्या खाली आला तर आमच्या प्रोग्रॅममध्ये लाल चौकट येते. तो आकडा मी स्वतः तीनदा तपासला होता. मी मोजलं. सोळा. वाटलं, चुकले. परत मोजलं. चौदा.

मला वाटतं मी तिथंच मोजत बसले असते. आकडा बदलेपर्यंत मोजत राहावं, असं काहीतरी डोक्यात आलं होतं. आईंनी माझ्या दंडाला धरून उभं केलं.

"चपला घाल. जी काय कागदपत्रं, गोळ्या असतील त्या पिशवीत टाक. त्याला फोन गाडीत बसल्यावर कर."

गाडीवाल्याला काही सांगावं लागलं नाही. आईंकडे बघूनच त्यानं वेग धरला. मागच्या सीटवर भोंगा माझ्या मांडीवर आणि आई तिच्या तळपायावर टिचक्या मारत होत्या. एक टिचकी मारली की ती एक श्वास घ्यायची. थांबल्या की थांबायची.

"रड गं बाई. रड माझे आई. सगळी गल्ली उठव. शिव्या दे मला." टिचकी. "ए भोंग्या. ए गिरणीच्या भोंग्या." टिचकी. "उद्यापासून तुला गुणी म्हणणार नाही. कध्धी म्हणणार नाही. रड."

सात आठवडे आम्ही ज्या आवाजाला वैतागलो होतो, त्याची भीक मागत होतो. सिग्नलला गाडी थांबली. मी बाहेर बघितलं तर एक माणूस केळी सोलत होता, सावकाश, एकेक साल खाली ओढत. मला त्याचा भयंकर राग आला.

मुलांच्या हॉस्पिटलात त्यांनी तिला माझ्या हातातून घेतलं आणि तोंडावर एवढासा मास्क लावला. बालरोगतज्ज्ञ पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी भोंग्याच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आई काय औषध घेते?"

बाळाला काय झालं हे त्यांनी विचारलंच नाही. मी पिशवी उपडी केली. त्यांनी गोळ्यांची पट्टी बघितली, मग दातांच्या दवाखान्यातली चिठ्ठी. चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत पेशंटची उत्तरं छापलेली असतात. ती छापावीत हाही माझाच हट्ट.

"इथं 'स्तनपान: नाही' लिहिलंय. बाळ वरच्या दुधावर आहे?"

"नाही हो," मी म्हटलं. "अंगावरच पिते."

माझ्या तोंडून तो शब्द बाहेर पडला आणि मला दुसरा आवाज ऐकू आला. दोरीचा चष्मा, आणि आवाज. अंगावर काढलंत का? नाही हो. शाब्बास. टक.

आई काहीतरी विचारत होत्या, मला नुसते त्यांचे ओठ दिसत होते.

"या गोळ्या अफूच्या जातीच्या आहेत," डॉक्टर सिस्टरना हातानं खुणा करता करता बोलत होत्या. "काही बायकांच्या शरीरात हे औषध फार भराभर बदलतं आणि जोरदार होऊन दुधात उतरतं. आपण अशा आहोत हे आधी कुणालाच माहीत नसतं. उतारा देतेय. किती गोळ्या झाल्या?"

"तेरा."

"शेवटचं दूध?"

"सहाला. चार घोट."

"चारच प्यायली ते बरं झालं," त्या म्हणाल्या आणि सुई टोचली.

उताऱ्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. आई म्हणतात दोन-तीन मिनिटं. मी भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं मोजत होते. हात स्वच्छ धुवा. हात स्वच्छ धुवा. मग तिच्या हाताची बोटं आवळली गेली. कपाळाला आठी पडली. तोंड वाकडं झालं, अजून वाकडं, आणि मास्कच्या आतून, आधी दबका आणि मग सगळा वॉर्ड दणाणून सोडणारा, भोंगा झाला.

आईंनी तिचे तळपाय परत हातात धरले. दारात नुकता धापा टाकत पोचलेला नवरा तो आवाज ऐकून हसला आणि हसता हसता रडायला लागला. एक सिस्टर म्हणाली, "बापरे, ही तर आगीचा बंब आहे."

"उताऱ्याचा असर औषधाच्या आधी संपतो," डॉक्टर म्हणाल्या. "दोन दिवस इथंच. मॉनिटरच्या तारा लावून. आणि बाईसाहेब, तुमच्या त्या गोळ्या बंद, आणि मी सांगेपर्यंत तुमचं दूध काढून टाकायचं."

मी दूध काढून बेसिनमध्ये ओतत राहिले. पांढरं, नेहमीसारखंच दिसणारं.

शुक्रवारी दुपारी तिला घरी सोडलं. तिला आईंच्या मांडीवर दिलं आणि मी तशीच दवाखान्यात गेले. भांडायला गेले होते. काउंटरवाल्या गृहस्थांनी मला ओळखलं.

"काय म्हणतेय दाढ?"

"मला तुमचा पडदा दाखवा."

त्यांना वाटलं डोकं फिरलंय. पण पडदा वळवून दाखवला. पाटीएवढा, कडा पिवळ्या पडलेला. एका रकान्यात प्रश्न आणि शेजारी हो-नाहीच्या दोन चौकोनी कळा. रकाना अरुंद. माझा सव्विसावा प्रश्न तिथं असा दिसत होता: 'अंगावर…'

एक शब्द आणि पुढे तीन टिंबं.

"हे तुम्ही काय म्हणून विचारता?"

"हे ना? अंगावर काढलंत का म्हणून. म्हणजे दुखणं. चांगला प्रश्न आहे. आम्ही सगळे हाच विचारतो. दुपारच्या पाळीची मुलगी पण."

"आणि बायका काय सांगतात?"

"नाहीच सांगतात की. हो म्हटलं तर डॉक्टर ओरडणार ना. महिनाभर काढलेल्या सुद्धा तोंड वर करून 'नाही' सांगतात." ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "का हो? काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. एवढंच म्हणाले, "मला दोन नाती आहेत." त्यांच्याशी मला भांडता आलं नाही. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, म्हणून तो प्रोग्रॅम असं बडबडायचा! एखादी 'हो' म्हणाली की चौकट: बाळाला दूध पाजत असल्यास हे औषध देऊ नये. अठ्ठेचाळीस वर्षांच्या शाळेतल्या बाईंना, कॉलेजच्या पोरींना. आम्ही इतके हसायचो. नंतर नंतर तर मी ती चौकट न वाचताच बंद करायला लागले होते."

म्हणजे जिथं चौकट यायला हवी तिथं ती येत नव्हती, आणि नको तिथं येऊन येऊन डॉक्टरांची नजर मेली होती. मी मोजून मापून निवडलेल्या एका शब्दानं हे केलं होतं. शंकाच नको म्हणून निवडलेल्या.

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. साहेबांनी दोन वाक्यं ऐकली आणि तिसऱ्याला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत प्रश्न बदलला: 'दूध स्वतःचं पाजता का?' पहिला शब्द दूध. कितीही कापा. पण प्रोग्रॅम अडतीस दवाखान्यांत आहे आणि आठ महिने चालू आहे. ज्या ज्या बाईच्या नावापुढे 'नाही' आहे आणि अलीकडे या गोळ्या दिल्या आहेत, त्या सगळ्यांना दवाखान्यांनी फोन करायचे असं ठरलं. शनिवार-रविवार आमची अकराच्या अकरा माणसं याद्या काढत होती. थोरल्या सिस्टरांनाही बोलावलं. त्या आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. 'मी सांगितलं होतं' असं त्या अजूनही म्हणालेल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "लेक काय म्हणतेय?" आणि फोन उचलून पहिला नंबर फिरवला.

आमच्या दवाखान्याच्या यादीत सोमवारच्या नोंदी बघताना माझं बोट एका ओळीवर थांबलं. माझ्या लगेच आधीची ओळ. दाढ, वरची उजवी. त्याच गोळ्या, तेवढ्याच. स्तनपान: नाही.

तिचा नंबर लावला तर कुणी नळदुरुस्तीवाला बोलला. त्या नावाची बाई त्याला माहीत नाही, आणि सकाळपासून हा तिसरा फोन आहे, लोकांना कामधंदे नाहीत का, असं म्हणाला. एक आकडा चुकला असणार. पत्त्याच्या जागी नुसतं 'बाजारामागे' लिहिलंय. मी दोन दिवस बाजारामागे फिरतेय. दुकानदारांना विचारते, जिन्यातल्या बायकांना विचारते. हनुवटीवर तीळ. गाल सुजलेला असेल, आता उतरला असेल. सगळे मान हलवतात. आई भोंग्याला खांद्यावर टाकून माझ्याबरोबर येतात. भोंगा रडला की आम्ही दोघी त्याला थांबवत नाही. मला वेडी आशा वाटते की तो आवाज ऐकून ती एखाद्या खिडकीतून डोकावेल.

तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. एक दिवस हा मेला सलग झोपला ना. घरात तिसरं कुणी नाही. पाय गार लागतायत असं म्हणणारंही कुणी नाही. मूल शांत झोपलंय आणि तिला आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटतंय, असंच मला सारखं दिसतं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या जिन्यात, समोरच्या गॅलरीत, कुठं करडी ओढणी वाळत घातलेली दिसते का बघा. पांढरे ठिपके आहेत. एका टोकाला पिन लागून बारीक भोक पडलंय. दिसली तर दार वाजवा. रडकं मूल हल्ली ऐकू येत नाही असं वाटत असेल, तर आजच वाजवा. उगाच तब्येत कशी आहे वगैरे विचारत बसू नका, ती बरीच आहे म्हणेल. आणि 'अंगावर' हा शब्द वापरू नका. सरळ विचारा, बाळाला दूध कोण पाजतं? शेवटचं कधी प्यायलं? आणि ती म्हणाली की झोपलंय, आत्ताच झोपलंय, तरी आत जा. त्याचे पाय हातात घ्या. त्याला उठवून बघा.